केसलर त्या वर्षी खेळलाच नव्हता

डेल्मर व्होंड्राने हेबेल कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची बस सव्वीस वर्षं चालवली, आणि त्या सव्वीस वर्षांत संघ सामन्याला उशिरा पोहोचला तो एकदाच. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण त्याच्या मागच्या पहिल्या सीटवर मीच बसलेला असायचो. मी ऑरिन पेल्स्टर. केल्सो क्रीक गावच्या रेडिओवर सकाळी मक्याचे भाव आणि हवामान वाचतो, संध्याकाळी आमच्या पोरांच्या सामन्यांचं धावतं वर्णन करतो. मला गप्प करायचं तर अख्ख्या गावाची वीज घालवावी लागेल, असं माझी बहीण म्हणते. तिचं खरं आहे. म्हणूनच त्या एका दिवशी मी गप्प बसलो याची मला अजून लाज वाटते.

डेल्मर माझ्या अगदी उलट. बुटका, रुंद, मनगटं कुदळीच्या दांड्यासारखी, आणि तोंडात शब्दांपेक्षा सूर्यफुलाच्या बिया जास्त. उन्हाळ्यात तो शेतांवरचे पाणी शिंपणारे लांबलचक पाइप दुरुस्त करायचा आणि नोव्हेंबर ते मार्च बस चालवायचा. निघताना त्याची बायको आर्लीस बसच्या दारात उभी राहून प्रत्येक पोराच्या हातात खसखस भरलेला गोड पाव, कोलाचे, ठेवायची आणि डेल्मर प्रत्येकाच्या बुटांकडे बघायचा. चिखल दिसला की नुसती मान हलवायचा. एकदा एका नव्या पोराने घाबरून विचारलं, "मिस्टर डेल, रागावलात का हो?" मागून कुणीतरी म्हणालं, "गप रे, खुशीत आहेत ते. रागावले असते तर तू अजून खालीच असतास."

गाडी चालवताना मात्र दर तासाला तो बोलायचा. त्याची एक पद्धत होती. तास झाला की मी एक वर्ष सांगायचं आणि त्याने त्या वर्षी आमच्याकडून सुरुवातीला मैदानात उतरणाऱ्या पाच पोरांची नावं घ्यायची. मी म्हणायचो, "अठ्ठ्याण्णव." तो बी थुंकून म्हणायचा, "दोघे लेमके, रूबेन सॅक, ट्रॉयर, आणि तो डावखुरा, डोबेश." मी म्हणायचो, "बरोबर." मग पुढचा तासभर शांतता.

मला आधी तो खेळ वाटायचा. एकदा धुक्यात त्याचं एक नाव चुकलं. मी हसत हसत "चूक!" म्हणालो, तर त्याने पुढच्याच फाट्यावर बस बाहेर काढली, उतरला आणि थंडीत बसभोवती वीस मिनिटं फेऱ्या मारल्या. परत आल्यावर म्हणाला, "डोळ्यांच्या आधी डोकं झोपतं, ऑरिन. डोळे उघडे असतात म्हणून माणूस फसतो. मला माझं कळत नाही. तू सांगायचं." तेव्हापासून ते काम माझं झालं. त्या उशिराच्या दिवसापर्यंत त्याची दोनदा चूक झाली होती. दोन्ही वेळा मी सांगितलं, दोन्ही वेळा तो थांबला आणि तरीही आम्ही वेळेत पोहोचलो, कारण तेव्हा अंतरंच कमी होती.

तेव्हा आमची लीग म्हणजे सात कॉलेजं, आणि त्यातलं सगळ्यात लांबचं पावणेदोन तासांवर. आमच्या बसमागे गावातल्या वीस-पंचवीस गाड्या निघायच्या. सामन्यात एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करायचा आणि सामना संपला की चर्चच्या तळघरात एकाच टेबलावर बसून खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल खायचे. यजमान गावातल्या बायका वाढायच्या. डेल्मरची वाटी आधीच भरून ठेवलेली असायची, कांदा वगळून. सातही गावांत ठाऊक होतं की डेल्मरला कांदा चालत नाही.

मग टीव्हीवर दिसणाऱ्या बड्या विद्यापीठांनी जास्त पैशासाठी आपापल्या लीग सोडल्या. त्यांच्या रिकाम्या जागांवर मधली चढली, आणि मधल्यांच्या जागांवर आमच्यातली दोन. वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवलं की खालच्याच्या ताटात माती पडते, तसं आमचं झालं. सातातलं एक कॉलेज बंदच पडलं. राहिलेल्या चारांना कुणी लीग मानायला तयार नव्हतं. दीड वर्ष आम्ही कुणाचेच नव्हतो. शेवटी एका लीगने आम्हाला घेतलं. ती आमच्या नेब्रास्कापासून थेट कॅनडाच्या सीमेपर्यंत पसरलेली होती. सगळ्यात जवळचा सामना चार तासांवर. बसमागच्या गाड्या बंद झाल्या. पोरं मागच्या सीटवर मोबाईलच्या उजेडात गणितं सोडवायला लागली आणि परक्या गावात कांद्याबद्दल कुणालाच माहीत नव्हतं.

त्या पहिल्याच मोसमात, जानेवारीत, खेळ विभागाच्या प्रमुख लिनेट श्राम यांनी डेल्मरला बोलावलं. मी खेळाडूंची यादी घ्यायला तिथेच गेलो होतो, आणि कुणी जा म्हटलं नाही म्हणून थांबलो. लिनेट वाईट बाई नाही. तिने खुर्ची ओढून दिली, कॉफी दिली.

"डेल्मर, सरळच सांगते," ती म्हणाली. "ट्रस्टींना ओमाहाच्या कंपनीची बस हवी आहे. दोन ड्रायव्हर, आलटून पालटून. मी कसंबसं थोपवून धरलंय त्यांना. पण एकदा जरी सामन्याला उशीर झाला ना, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"समजलं," डेल्मर म्हणाला. कॉफीला त्याने हात लावला नाही.

बाहेर आल्यावर त्याने बसचं पुढचं चाक बुटाने ठोकून पाहिलं. मग म्हणाला, "त्रेसष्ट वर्षांचा आहे मी. हे गेलं तर हिवाळाभर काय करू? आर्लीसच्या पायात पायात येऊ?" त्याच्या तोंडून एवढं लांबलचक बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. "मी काही उशीर करत नाही. बास."

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी लीगचा अखेरचा सामना होता, उत्तर डाकोटातल्या फोर्ट अर्लिनला. पाचशे ऐंशी मैल. जिंकलो तर अंतिम स्पर्धेत जागा होती. सामना संध्याकाळी सातला. नियम असा की पाहुणा संघ साडेसातपर्यंत मैदानात नसला तर हरल्याचं धरायचं. आदल्या दिवशीच्या हॉटेलला कॉलेजने कात्री लावलेली, त्यामुळे पहाटे साडेचारला निघालो. आर्लीसने कोलाचे दिले. मी आदल्या सकाळी रेडिओवर वाचलं होतं, वाटेत दोन-तीन इंच बर्फ. दोन-तीन इंचांना आमच्याकडे कुणी बर्फ म्हणत नाही.

दुपारी बाराला ते सहा इंच झालं, आणि थांबेना. वारा आडवा सुटला. एका गावाबाहेर पोलिसांनी महामार्गच बंद केला आणि आम्ही मालट्रकांच्या रांगेत दोन तास अडकलो. कोच ब्रेडी कास्टनर दर दहा मिनिटांनी पुढे येऊन काचेतून बघून जायचा. त्याला तिशीही लागली नव्हती, घरी महिन्याची मुलगी होती, आणि त्याचंही पुढच्या वर्षाचं काही ठरलेलं नव्हतं.

"पोहोचू ना, मिस्टर डेल?"

"पोहोचू."

रस्ता उघडला तेव्हा पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. पंचेचाळीसच्या वर काटा जात नव्हता. डेल्मर पुढे वाकून चालवत होता, हनुवटी जवळजवळ स्टिअरिंगला टेकलेली, आणि सूर्यफुलाच्या बियांची पिशवी केव्हाच रिकामी. मी दर तासाला वर्ष सांगत होतो. एक हजार नऊशे शहाण्णव. बरोबर. दोन हजार नऊ. बरोबर, पण जरा सावकाश.

पाच वाजून दहा मिनिटांनी कोच पुन्हा आला. "अजून किती?"

"पंचावन्न मैल," डेल्मर म्हणाला.

कोचने मनात हिशेब केला. मीही केला. या वेगाने साडेसहा. जेमतेम, पण पोहोचत होतो. कोचने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मागे जाऊन पोरांना सांगितलं. टाळ्या वाजल्या.

तेवढ्यात डेल्मर म्हणाला, "तास झाला, ऑरिन."

"दोन हजार चार," मी म्हणालो. मुद्दाम सोपं दिलं. तो आमचा सगळ्यात गाजलेला संघ. गावातलं शेंबडं पोरही ती नावं सांगेल.

"बेनेश," तो म्हणाला. मग थांबला. वायपर तीनदा इकडून तिकडे गेला. "टिमरमन. ओल्सन. मोठा हाव्हेल." पुन्हा थांबला. "आणि केसलर."

केसलर नव्हे. मोहर. जॅरड केसलरचा गुडघा त्या मोसमाच्या आधीच सरावात मोडला होता. तो त्या वर्षी खेळलाच नव्हता. आणि हे गावात सगळ्यांत जास्त कुणाला ठाऊक असेल तर डेल्मरला, कारण रुग्णवाहिकेची वाट न बघता त्यानेच त्या पोराला बसमध्ये आडवं घालून लिंकन शहरातल्या हॉस्पिटलात नेलं होतं. वाटभर पोरगा रडत होता आणि डेल्मर त्याच्याशी बोलत होता. डेल्मर, बोलत होता! ते विसरणं म्हणजे स्वतःचं नाव विसरण्यासारखं होतं.

माझ्या जिभेवर "चूक" आलेलं होतं. पण मला लिनेटचं बोलणं आठवलं. मागे पोरं बूट बांधत होती. पंचावन्न मैल. मी म्हणालो असतो तर तो थांबला असता, आणि थांबला असता तर त्याची सीट गेली असती. मी त्याच्यासाठीच गप्प बसतोय, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मलाही पोहोचायचं होतं. एकतीस वर्षांत माझं एकही प्रक्षेपण चुकलं नव्हतं, आणि त्याचा मला फार तोरा होता.

"बरोबर," मी म्हणालो.

त्यानंतरची वीस मिनिटं मी कशी काढली ते मलाच माहीत. मी रस्त्याकडे बघत नव्हतो, त्याच्या मानेकडे बघत होतो. मान ताठ होती. डोळे आरशात उघडे दिसत होते. डोळे उघडे असतात म्हणून माणूस फसतो. दोनदा बस कडेच्या खडबडीत पट्टीवर गेली आणि खडखड झाली. दोन्ही वेळा त्याने ती शांतपणे परत घेतली. वाऱ्यामुळे असेल, असं मी मनाला बजावलं. मागे बारा पोरं होती. कोचची महिन्याची मुलगी डोळ्यांसमोर आली. तोंड उघड, मूर्खा, मी स्वतःला म्हणत होतो, आणि तोंड उघडत नव्हतं. आता सांगायचं तर मघाशी खोटं बोललो हेही सांगावं लागणार होतं.

तिसऱ्यांदा खडखड झाली तेव्हा डेल्मर हळूच म्हणाला, "केसलरचा गुडघा मोडला होता."

मी वायपरकडे बघत राहिलो.

"मीच नेलं होतं त्याला. लिंकनला." तो आरशातून माझ्याकडे बघत होता. "ऑरिन, तुला माहीत होतं."

"डेल्मर, थोडंच राहिलंय रे."

"तुला माहीत होतं," तो पुन्हा म्हणाला. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं.

फाट्याची पाटी दिसली. त्याने दिवा लावला आणि बस महामार्गावरून खाली घेतली. एक पेट्रोल पंप, धान्याची उंच कोठारं आणि चार घरं. बस उभी राहिली, इंजिन चालूच. घड्याळात पाच पस्तीस झाले होते. अडतीस मैल बाकी होते.

कोच धावत पुढे आला. "काय झालं? बिघाड?"

"मी पुढे चालवत नाही," डेल्मर म्हणाला. त्याचे हात अजून स्टिअरिंगवर होते.

"म्हणजे? तास संपले का? एका ड्रायव्हरने दिवसात दहाच तास चालवायचं, तोच कायदा ना? अहो, अचानक वादळ आलं तर दोन तास वाढवून मिळतात, मला माहितीय!"

"मिळतात. कायद्याचा प्रश्न नाही."

"मग कसला प्रश्न आहे?"

"मी दमलोय. दहा-वीस मिनिटं फेऱ्या मारून जाणारं नाही हे."

"अहो, दमलेत तर सगळेच!" कोचचा आवाज फाटला. "या पोरांनी वर्षभर मरमर केलीय. अडतीस मैल, मिस्टर डेल! तुम्हाला दिसत तर आहे ना? बोलताय तर नीट! ऑरिन, तुम्ही सांगा. तुम्ही दिवसभर इथे बसलाय. ठीक आहेत की नाही ते?"

सगळी बस माझ्याकडे बघत होती. डेल्मर समोर काचेकडे.

"नाहीत," मी म्हणालो. "वीस मिनिटांपूर्वी नाव चुकलं. मी त्याला बरोबर म्हणून सांगितलं. खोटं सांगितलं मी."

पोरांना ती पद्धत ठाऊक होती. मागे कुणीतरी पुटपुटलं, "बाप रे." कोचने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेलो नाही. तो पायरीवर बसला.

लिनेटचा फोन आला. कोचने तो स्पीकरवर लावला. ती आमच्या घरच्यांना धीर देत कॉलेजात बसून होती. "डेल्मर," ती म्हणाली, "तुला माहीत आहे ना, हे काय होतंय? उशीर झाला तर मी तुला वाचवू शकणार नाही."

"माहीत आहे, लिनेट."

"तू ठरव मग."

"ठरवलं," तो म्हणाला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. बसमधली ती घरघर थांबली आणि वारा ऐकू यायला लागला. सव्वीस वर्षांत पोरं बसलेली असताना त्याने वाटेत इंजिन बंद केलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग तो टोपी चढवून उतरला आणि वाऱ्यात वाकून पंपाच्या दुकानात गेला. मी मागोमाग. गल्ल्यावर साठीची एक बाई कोड्याचं पुस्तक सोडवत बसली होती. डेल्मर जन्मात अनोळखी माणसाशी आपणहून बोलला नसेल. तो म्हणाला, "ताई, माझ्याकडे बारा पोरं आहेत आणि मी त्यांना फोर्ट अर्लिनला नेऊ शकत नाही. इथे दुसरं कुणी चालवतं का?"

तिने चष्म्यावरून त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "कुठून चालवताय?"

"नेब्रास्का. पहाटेपासून."

"आणि एकटेच?" ती म्हणाली. "वेडबिड लागलंय का तुमच्या कॉलेजला?" तिने पुस्तक मिटलं. "मी चालवते. शाळेची बस. सकाळ-दुपार, एकोणीस वर्षं झाली. पण बस शाळेची आहे, विचारावं लागेल." तिने फोन लावला. "अर्ल? मी जोलीन. बस नेतेय. नाही, विचारत नाहीये, सांगतेय. जेवण पोटात गेलं का तुझ्या? मग झोप." फोन ठेवून तिने कोट चढवला. "मुख्याध्यापक. धाकटा भाऊ आहे माझा."

पिवळी शाळेची बस तापायलाच पाव तास लागला. साडेसहा फुटांची आमची पोरं दुसरीतल्या मुलांच्या सीटांवर गुडघे कानांशी घेऊन बसली. सहाला पाच मिनिटं होती. डेल्मरने एकेकाची पिशवी वर दिली. बूट त्याने बघितले नाहीत.

"तूही जा," तो मला म्हणाला.

"मी थांबतो तुझ्यासोबत."

"मग बोलणार कोण? घरी लोक रेडिओ लावून बसलेत." आणि त्याने पाठ फिरवली.

जोलीनला तो रस्ता पाठ होता, पण रस्त्यालाच घाई नव्हती. पुढे बर्फ सारणारी गाडी, तिच्या मागे आम्ही, वीस-पंचवीसच्या वेगाने. सात वाजले तेव्हा चौदा मैल राहिले होते. कोच घड्याळ बघायचं सोडून डोळे मिटून बसला होता. सात दहा. वारा जरा पडला आणि जोलीनने पाय दाबला. "धरून बसा रे लेकरांनो," ती ओरडली. सात चोवीसला आम्ही त्यांच्या दारात होतो. पोरं बसमध्येच कपडे बदलून तयार होती. ती सरळ मैदानात पळाली आणि पंचांनी शिट्टी वाजवली तेव्हा साडेसातला दोन मिनिटं होती.

पाय आखडलेली पोरं पहिल्या दहा मिनिटांत सोळा गुणांनी मागे पडली. मग ती जी उठली! शेवटच्या मिनिटाला फक्त दोनचा फरक होता, आणि आमच्या पोराने मारलेला चेंडू बास्केटच्या कड्यावरून दोनदा उसळून बाहेर पडला. हरलो. मी माझं काम केलं, आवाज बसेपर्यंत केलं. मध्येच मी माइकवर म्हणालो की आम्ही इथे सुखरूप आहोत ते डेल्मर व्होंड्रामुळे. त्याने बसमध्ये बसून ते ऐकलं की नाही, मी कधी विचारलं नाही. रात्री पंपावर परतलो तेव्हा तो मागच्या सीटवर तोंडावर टोपी घेऊन गाढ झोपला होता.

पत्र मार्चमध्ये आलं. सव्वीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार, पुढच्या मोसमापासून ओमाहाची कंपनी. मी तडक लिनेटकडे गेलो आणि सगळं सांगितलं, केसलरपासून. म्हणालो, शिक्षा द्यायची तर मला द्या.

तिने चष्मा काढून डोळे चोळले. "ट्रस्टींसमोर मी हे सगळं मांडलं, ऑरिन. ते म्हणाले, कायद्याने त्याच्याकडे वाढीव दोन तास होते आणि तो थांबला. कागदावर एवढंच दिसतं."

"आणि कागदावर हे दिसत नाही की एकट्या माणसाला पाचशे ऐंशी मैल पिटाळलं कुणी?"

"तू त्याला बरोबर म्हणालास, ऑरिन," ती शांतपणे म्हणाली. "मला नको शिकवूस." मी उठून आलो.

आता नव्या बसला दोन ड्रायव्हर असतात. चांगली पोरं आहेत, चार तासांनी अदलाबदल करतात, कानात गाणी घालून चालवतात. त्यांना वर्षं सांगावी लागत नाहीत. पहिल्या सीटवर मी एकटाच असतो. डेल्मर सकाळी आणि दुपारी गावातल्या शाळेची पिवळी बस चालवतो, चौदा मैलांचा फेरा. जोलीनचीच शिफारस त्याला कामी आली असं आर्लीस सांगते. उन्हाळाभर तो मला दुकानात, चर्चमध्ये दिसायचा, मान हलवायचा. मी माफी मागितली तेव्हा "हं" म्हणाला.

नोव्हेंबरमध्ये घरच्या मैदानावर मोसमाचा पहिला सामना होता. मध्यंतर झालं आणि मी कानांवरचे हेडफोन काढून पाणी पीत होतो, तोच माझ्या टेबलामागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. सूर्यफुलाच्या बियांचा वास आला.

"दोन हजार अकरा," मागून आवाज आला.

मी पाण्याची बाटली खाली ठेवली. "कॅल ब्रँट," मी म्हणालो. "डुडेक. श्रोडर. जुळ्यांतला मोठा, वेस ग्रॅमर." चार झाले. पाचवा आठवेना. तो मागे बिया चावत वाट बघत होता. "आणि रायली."

"चूक," डेल्मर म्हणाला. नाव माझ्या तोंडातून पुरतं बाहेरही पडलं नव्हतं. चूक म्हणायला त्याला एवढाच वेळ लागला; मला वीस मिनिटं लागली होती.